सरवा

आमच्या घरी वह्यांना कव्हरं घालायचा दिवस ठरलेला असे, जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचा रविवार. नाना, म्हणजे माझे वडील, माळ्यावरून मासिकांचा गठ्ठा उतरवायचे, मोठी माय चुलीवर पिठाची खळ शिजवायची आणि आम्ही तिघं भावंडं ओट्यावर पाय पसरून बसायचो. गल्लीतल्या बाकीच्या पोरांच्या वह्यांना खाकी कागद, नाहीतर जुनं वर्तमानपत्र. आमच्या वह्यांना 'सोव्हिएत देश'. काय कागद होता तो! जाड, गुळगुळीत, पावसाचा थेंब पडला तर तसाच ओघळून जायचा. ट्रॅक्टर, धरणं, बर्फातून धावणारी रेल्वे, गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळकरी मुलं. अमळनेरच्या गिरणीत काम करणारे नानांचे एक मित्र ते मासिक आणून द्यायचे.

माझ्या चौथीच्या भूगोलाच्या वहीवर कापूस वेचणारी एक बाई होती. उझबेकिस्तानातली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कमरेला पांढरी झोळी, दोन्ही ओंजळींत कापूस आणि चेहराभर हसू. मागे शेत इतकं लांब की त्याचा बांध दिसत नव्हता. आपल्यासारखाच कापूस तिकडेही पिकतो याचं मला भारी अप्रूप वाटलं. मी पळत जाऊन वही मोठ्या मायला दाखवली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कापूस येत होता. तिने वही उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "हाई बाई येचाले नही उनी. फोटो काढाले उनी."

मी विचारलं, कशावरून?

"तिना बोटं देख."

बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळतात आणि टोकं काट्यासारखी कडक होतात. कापूस ओढायला बोटं थेट आत घालावी लागतात, आणि बोंडागणिक ती टोकं नखाच्या कडेला लागत राहतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच नखांभोवतीची कातडी सोलवटून निघते. ठेचा कालवताना बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते मिरचीचं नसतं. मोठ्या मायच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना बारमाही काळ्या चिरा होत्या, त्यांत ती रात्री कोमट तेल भरायची. त्या चित्रातल्या बाईची बोटं मात्र गुळगुळीत होती, मासिकाच्या कागदासारखी.

मोठी माय एवढंच बोलली आणि खळ ढवळायला लागली. मला मात्र त्या बोटांचा अर्थ लागायला बारा-तेरा वर्षं लागली.

नानांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सालदार होते. खानदेशात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं. वर्षाचे इतके पैसे, इतकी ज्वारी, एक घोंगडी, एक जोड वहाणा. त्या बदल्यात पुढच्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. रात्री पाण्याची पाळी असो की मालकाच्या सोयऱ्याला गाडीने स्टेशनवर सोडायचं असो, सालदाराने उठायचं. मध्येच साल मोडता येत नसे, कारण उचल अंगावर असायची. आजोबा अकरा वर्षं एकाच वाड्यावर होते. नाना शिकले, प्राथमिक शिक्षक झाले, पुढे पैसे जमवून तीन एकर घेतलं. पण ज्या घरात बाप दुसऱ्याच्या हाकेवर रात्री-अपरात्री उठायचा, त्या घरातल्या मुलाला कुणी सांगितलं की जगात एक देश असा आहे जिथे सालदार नाही आणि मालकही नाही, तर तो का विश्वास ठेवणार नाही? त्याच देशाने भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा करून दिला, १९७१ च्या युद्धात तोच आपल्या पाठीशी राहिला. नानांचा विश्वास भाबडा होता असं मला आजही म्हणवत नाही. तो भुकेतून आला होता.

१९८८ साली मी जळगावला बी.ए. करत होते. त्या सुमाराला रशियातूनच बातम्या यायला लागल्या होत्या, जुनी दप्तरं उघडत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात मी गुलागबद्दल, म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांबद्दल, तासन् तास वाचत बसायचे आणि वाचून झालं की सुट्टीत घरी जायची भीती वाटायची, कारण नानांशी बोलावं लागणार.

गुलाग हा शब्द मुळात एका कचेरीचं नाव आहे. 'छावण्यांचा मुख्य कारभार' अशा अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरं. १९३० साली ही कचेरी उभी राहिली. त्याआधी, १९२३ पासून, उत्तरेच्या पांढऱ्या समुद्रातल्या सोलोव्हकी बेटांवर, जुन्या मठाच्या आवारात, कैद्यांची छावणी चालूच होती. कचेरी म्हटली की शिक्के आले, जावक क्रमांक आले, अहवाल आले. स्टालिन १९५३ च्या मार्चमध्ये वारला, तोवर सुमारे १ कोटी ८० लाख माणसं या छावण्या-वसाहतींमधून गेली. मृत्यूंच्या ज्या नोंदी कागदावर झाल्या त्याच १५ लाखांच्या वर आहेत. मरायला टेकलेल्या माणसाला सोडून देऊन छावणीचा आकडा कमी ठेवायची पद्धत होती, ती माणसं त्यात नाहीत.

छावणीत काय चालायचं, तर काम. सैबेरियाच्या पार ईशान्येला, कोलिमाच्या गोठलेल्या जमिनीत सोनं खणायचं, झाडं तोडायची, रेल्वेचे रूळ टाकायचे. पांढरा समुद्र बाल्टिकला जोडण्यासाठी २२७ किलोमीटरचा कालवा १९३१ ते १९३३ या दोन वर्षांत कैद्यांनी फावडी, पहारी आणि लाकडी ढकलगाड्या घेऊन खणला. हजारो माणसं त्यात गेली, आणि कालवा इतका उथळ झाला की मोठी जहाजं त्यातून जाऊच शकत नव्हती. नानांच्या गठ्ठ्यातल्या एका अंकात त्या कालव्याचं सुंदर चित्र होतं. ते माझ्या भावाच्या गणिताच्या वहीला लागलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते भाकरीच्या हिशोबाने. रोजच्या कामाचं माप ठरलेलं. माप भरलं तर पावाचा पूर्ण तुकडा, त्याला तिथे पाइका म्हणत. माप कमी भरलं तर तुकडा लहान. म्हणजे जो अशक्त झाला त्याच्याकडून काम कमी, म्हणून पाव कमी, म्हणून उद्या अंगात आणखी कमी बळ. या उतारावरून घसरत शेवटाला आलेल्या माणसासाठी छावणीत वेगळा शब्दच होता, दोखोद्यागा. गाठायचं ते गाठत आलेला. उकिरड्यावरची माशांची डोकी वेचून खाणारा.

आमच्याकडेही वेचणीला किलोमागे पैसे असतात. संध्याकाळी झाडाला काटा टांगतात, बायका गाठोडी घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि कुणीतरी वहीत लिहीत असतं. मी शाळेत होते तेव्हापासून ती वही माझ्याकडे. म्हणून मापाचा तो हिशोब वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सैबेरिया आलाच नाही. आमचं निंबाचं झाड आलं, आणि काट्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघणाऱ्या बायका आल्या. एखादीचं वजन कमी भरलं तर ती म्हणायची, आज अंगात ताप होता ताई. त्यावर मोठी माय तिला दोन भाकरी जास्त बांधून द्यायची. कमी वेचलं म्हणून भाकरी कमी द्यायची, हे कुणाला सुचावं लागतं. ते कुठल्या तरी टेबलावर, कागदावर, कुणीतरी हिशोब करून सुचलेलं आहे.

आकडा वरून येतो. मग खाली त्याला पुरतील इतकी माणसं शोधतात.

३० जुलै १९३७ रोजी सोव्हिएत गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा आदेश निघाला. त्यात प्रांतवार आकडे होते. अमुक प्रांताने इतकी माणसं पहिल्या वर्गात धरायची, म्हणजे गोळी. इतकी दुसऱ्या वर्गात, म्हणजे आठ ते दहा वर्षं छावणी. नावं आदेशात नव्हती, नावं खाली शोधायची होती. निकाल द्यायला तिघांची समिती, आरोपी समोर नाही, वकील नाही. आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट अशी की कित्येक प्रांतांनी आकडा वाढवून मागितला. काम मन लावून चाललंय हे वर दिसावं म्हणून. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला गेला.

त्याच १९३७ सालात सोव्हिएत संघात आपल्याकडची माणसंही गेली. सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, ज्यांनी अर्धं आयुष्य हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी युरोपात वणवण केली, त्यांना तिथे पकडून गोळी घातली. अबनी मुखर्जींचंही तेच झालं. १९२० साली मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर ताश्कंदमध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते होते. ताश्कंद, म्हणजे माझ्या वहीवरच्या त्या कापसाच्याच मुलुखात.

हे वाचताना मला फैजपूर आठवतं. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आपल्या खानदेशात, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूचे मांडव नंदलाल बोस यांनी सजवलेले. आजोबा मालकाची बैलगाडी हाकत तिथे गेले होते. त्यांना सभेत बसायला मिळालं नाही, बैलांपाशी थांबावं लागलं, पण माणसांचा समुद्र पाहिला हे ते मरेपर्यंत सांगायचे. इंग्रजांच्या तुरुंगातून महिनाभरापूर्वीच सुटलेले रॉय त्या अधिवेशनाला आले होते. रॉय यांना कम्युनिस्टांच्या मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२९ मध्येच बाहेर काढलं होतं. ते तिथे राहिले असते तर? फैजपूरच्या मांडवापासून मॉस्कोच्या त्या तळघरांपर्यंतचं अंतर एका माणसाच्या नशिबाएवढंच होतं. वीरेंद्रनाथांचं नेमकं काय झालं, हे इकडे कित्येक वर्षं कुणाला ठाऊकही नव्हतं.

आपल्या मराठी मनात तुरुंगाची एक निराळीच प्रतिमा आहे. तुरुंग म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं. मंडालेत टिळकांनी लिहिलं, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलं. आणि धुळ्याचा तुरुंग तर आमच्या घरचाच असल्यासारखा. १९३२ साली तिथे विनोबा रविवारी गीतेवर बोलायचे, कैदी बसून ऐकायचे आणि साने गुरुजी भराभर उतरवून घ्यायचे. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अठरा रविवार. नाना आम्हाला धुळ्याला नेत तेव्हा त्या भिंतीकडे बोट दाखवून हे हमखास सांगत. मला त्याचा अभिमान आहे. अंदमानचा कोलू ओढलेली माणसंही आपलीच, म्हणून इंग्रजांच्या तुरुंगाला मी दयाळू म्हणणार नाही. पण या प्रतिमेमुळे आपला एक गैरसमज होतो. आपल्याला वाटतं, माणसाला कोंडलं तरी त्याचा आवाज कोंडता येत नाही.

कोंडता येतो. कोलिमात कागद नव्हता, रविवार नव्हता, उतरवून घेणारे साने गुरुजी नव्हते. बाहेर असलेल्यांचीही तीच गत. कवयित्री अ‍ॅना अख्मातोवा लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर पकडलेल्या मुलासाठी सतरा महिने रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगांवरच्या ओळी त्या कागदावर लिहून मैत्रिणीला वाचायला द्यायच्या, मैत्रिणीने पाठ केल्या की काडी लावून कागद जाळायचा. कविता बायकांच्या डोक्यात राहिली. आमच्या मोठ्या मायला शेकडो जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, लिहिता येत नव्हतं म्हणून. तिकडे लिहिता येत असून पाठ करावं लागत होतं.

सुट्टीत मी नानांना हे सगळं सांगितलं. एकविसाव्या वर्षीचा आवेश होता, शब्द कठोर वापरले असणार. नाना चिडतील, हा सगळा अमेरिकेचा प्रचार आहे म्हणतील, अशी मी तयारी करून गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, वाळत घातलेल्या शेंगा परतत राहिले, आणि उठून गेले. त्या वर्षी वह्यांना कव्हर घालायला घरात कुणी लहान नव्हतं. गठ्ठा माळ्यावरच राहिला.

ते गप्प का झाले हे मला खूप उशिरा कळलं.

आणीबाणी लागली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. २५ जून १९७५ ची रात्र मला अर्थातच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आमच्या गल्लीतले एक वकीलकाका, समाजवादी विचारांचे, पहाटे नेले गेले. मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबायचा कायदा, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला ते कुणा बाईचं नाव वाटलं होतं. वकीलकाकूंच्या घरून आणि आमच्या घरून रोज वाट्यांची ये-जा असायची. त्यांच्याकडून कढी, आमच्याकडून डाळगंडोरी, एकमेकींची वाटी कधी रिकामी परत जात नसे. काकांना नेल्यानंतर गल्लीतल्या बायका त्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. आम्हा पोरांनाही तिकडे खेळायला जाऊ नका असं कुणी उघड म्हणालं नाही, नुसती आतून हाक यायची. काकूंची एक पितळी वाटी आमच्या फळीवर कितीतरी महिने तशीच होती. माझी आई रोज ती पुसायची आणि परत ठेवायची. चौदा महिन्यांनी काका सुटून आले, तेव्हा आईने त्या वाटीत शिरा घालून पाठवला. काकूंनी वाटी घेतली, पण पूर्वीची ये-जा पुन्हा सुरू झाली नाही.

एक लाखाच्या वर माणसं त्या एकवीस महिन्यांत देशभर अटकेत होती. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या काळात कुणालाही अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी नाही म्हटलं. पुढे सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी डावलली गेली.

नानांच्या वाट्याला आला तो आकडाच. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं लक्ष्यांक शिक्षकांवर टाकलेलं होतं. इतक्या 'केसेस' आणा, नाहीतर पगार थांबेल. केस हा शब्द माणसासाठी. नानांचा दोन महिने पगार झाला नाही. घरात आम्ही सहा माणसं. हे त्यांनी मला सांगितलं २०१२ साली, बाजेवर पडल्या पडल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आईला तोवर माहीत नव्हतं. वस्तीवरचा एक सालदार होता, नानांच्या शाळेत त्याची पोरगी शिकायची. नाना रात्री त्याच्या झोपडीत गेले. गुरुजी स्वतः आले म्हणून त्याने घोंगडी अंथरली, बायकोला चहा टाकायला लावला. नानांनी समजावलं. तो मान हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या सायकलीवर मागे बसून गेला.

"त्याने एकदाही नाही म्हटलं नाही," नाना म्हणाले. "माझा बाप मालकाला कधी नाही म्हणाला होता?"

त्या माणसाला एकच मुलगी होती. ती पुढच्या वर्षी तापाने गेली.

नानांनी हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. मी काय बोलणार? आणीबाणी आणि गुलाग एकच असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं कोलिमात मेलेल्यांचा अपमान होईल. आपल्याकडे १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, लोकांनी सरकार खाली खेचलं आणि वकीलकाका पुन्हा कोर्टात काळा कोट घालून उभे राहिले. रशियात ते दार कुणाला सापडलं नाही. पण आकडा वरून खाली कसा उतरतो, तो वाईट माणसाच्याच हातून उतरतो असं नाही, पगार थांबलेल्या, पोराबाळांच्या, मनाने चांगल्या माणसाच्या सायकलीवर बसूनही तो कसा जातो, हे मला ग्रंथालयात कळलं नव्हतं. ते नानांच्या बाजेजवळ कळलं.

त्याच महिन्यांत मी त्यांना रोज थोडं वाचून दाखवायचे. त्यांचे डोळे गेले होते. एक दिवस मी ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याबद्दल वाचलं. सामुदायिक शेतीचं पीक म्हणजे सरकारची मालमत्ता, त्यातलं काही घेणाऱ्याला मृत्युदंड, आणि दया दाखवायची तर दहा वर्षं. कापणीनंतर शेतात गळून पडलेली कणसं वेचणाऱ्यांनाही तो लागला. म्हणून लोक त्याला कणसांचा कायदा म्हणायचे. १९३२-३३ चा तो दुष्काळ, युक्रेनमध्ये लाखो माणसं अन्नान्न करून मरत होती, आणि शेतात पडलेलं कणीस उचललं म्हणून बायका छावणीत जात होत्या.

नानांनी हात वर केला. मी थांबले.

"सरवा बी?"

मी म्हटलं, हो नाना, सरवासुद्धा.

ते फिरून काही बोलले नाहीत. पण त्यांच्या त्या दोन शब्दांत काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. भुईमूग उपटून झाला की जमिनीत राहिलेल्या शेंगा, ज्वारी काढल्यावर पडलेली कणसं, त्यांवर मालकाचा हक्क नसतो. ज्याला शेत नाही त्याचा असतो. कितीही कंजूष मालक असला तरी सरवा वेचणाऱ्या पोराला हाकलत नाही, हाकललं तर गाव नाव ठेवतं. नाना स्वतः सरवा वेचून वाढले होते. ज्या वाड्याला ते जन्मभर शिव्या देत आले, त्या वाड्याने सरवा वेचू दिला होता. आणि ज्या देशाच्या नावाने त्यांनी आशा धरली, त्याने सरव्याला दहा वर्षं लावली. माझ्या सगळ्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका गोष्टीने झालं.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. डिसेंबर १९३२ मध्ये तिथे शहरांतल्या लोकांना अंतर्गत पासपोर्ट मिळाले, सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना नाही. पासपोर्टशिवाय गाव सोडून कायमचं दुसरीकडे जाता येत नसे. तो हक्क मिळायचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडावं लागलं. म्हणजे माझ्या वहीवर ती बाई हसत होती त्या वर्षांत तिला हवं तेव्हा गाव सोडता येत होतं की नाही, मला ठाऊक नाही. आजोबांचं साल निदान आखाजीला संपायचं.

वेठ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. बळजबरीचं, बिनमोबदल्याचं काम. वेठबिगारी बंद करणारा वटहुकूमही ऐन आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. पण आपल्या भाषेने त्या वेठीतून आणखी एक शब्दप्रयोग घडवला आहे, वेठ मारणे. मन न घालता, केल्यासारखं करून टाकणे. छावण्यांतही असाच एक शब्द होता, तुफ्ता. तोडलेल्या ओंडक्याचा जुना शिक्का कापून पुन्हा नवा म्हणून मोजायला द्यायचा, न केलेलं काम वहीत चढवायचं. त्यावर कित्येक जीव जगले. आणि वरचे तरी काय वेगळं करत होते? १९८० च्या दशकात उघड झालं की उझबेकिस्तानने वर्षानुवर्षं कागदावर दाखवलेला कितीतरी कापूस शेतात उगवलाच नव्हता. माणसांना जुंपून पिकवलेला कापूस एका बाजूला, नुसता आकड्यांचा कापूस दुसऱ्या बाजूला, आणि पाणी तोडल्यामुळे आटलेला अरल समुद्र मध्ये. सोव्हिएत संघ मोडल्यावरही तिथे हंगामात शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी कापूस वेचायला सक्तीने पाठवले जात. जगभरातून बोंब झाल्यावर, अनेक वर्षांनी, ती पद्धत मोडली. २०२१ च्या वेचणीत सरकारी सक्ती राहिली नाही, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जाहीर केलं. तेव्हा मला फार बरं वाटलं, सख्ख्या नात्यातली बातमी असावी तसं.

पण त्याच सुमाराला चीनच्या शिंच्यांग प्रांतातली दारं बंद होत होती. २०१७ पासून चीनने तिथल्या लाखो उइगुर मुसलमानांना छावण्यांत टाकलं. सरकारने त्यांना व्यवसाय शिकवण्याची केंद्रं म्हटलं. भोवती काटेरी तारा आणि टेहळणीचे मनोरे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटलं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस शिंच्यांगमध्ये पिकतो. अमेरिकेने जून २०२२ पासून तिथला माल घेणं बंद केलं, सक्तीच्या मजुरीचा नाही हे सिद्ध केल्याशिवाय. २०२१-२२ च्या हंगामात आमच्याकडे कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. भाव का चढला याची कारणं अनेक असतील, मी अर्थशास्त्री नाही. पण पारावर जो तो चीनचं नाव घेत होता आणि खुशीत होता. मीही तीन एकरांचा कापूस त्याच भावाने विकला, पैसे घेतले, घरावर पत्रे टाकले. तेव्हापासून कापसाचे भाव वाचताना मला फक्त भाव वाचता येत नाहीत.

नाना २०१३ मध्ये गेले. माळा आवरताना 'सोव्हिएत देश'चा गठ्ठा निघाला, वाळवीने निम्मा खाल्लेला. मी तो टाकला नाही.

यंदाही वेचणीची वही माझ्याकडेच होती. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हंगामात मी गावीच असते. किलोमागे १० रुपये. एका संध्याकाळी काटा झाला, ४२ किलो लिहिले, आणि ती बाई गाठोडं रिकामं करत म्हणाली, "ताई, सकाय मी येवाव नही."

काय गं, बरं नाही का?

"नही, तसंच. माहेरले जास."

त्या 'नाही'ची किंमत चारशे रुपये होती आणि ती तिच्या घरात सोपी नव्हती, हे मला कळतं. पोटही माणसाला जुंपतं. तरी ती काट्यापासून वळली आणि बांधावरून सरळ चालत गेली. मी तिच्या नावापुढे दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात रेघ ओढली.

शेवटची वेचणी जानेवारीत झाली. पऱ्हाट्या उपटायच्या आदल्या दिवशी वस्तीवरच्या दोन पोरी आल्या, शाळेच्या गणवेशातच. अर्धवट उमललेली बोंडं, कवडी, मातीला चिकटलेला कापूस, जे काही उरलं होतं ते त्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होत्या. धाकटीने मला पाहिलं आणि हात थांबवला. मी म्हटलं, घ्या गं, त्या कोपऱ्यात बरंच राहिलंय. उशीला होईल म्हणाली थोरली. काटा अजून निंबाला टांगलेला होता. तो मी काढून घरात नेला.